'समुद्र वाचवा' असं प्लास्टिकवर छापणाऱ्या भाऊंना खुलं पत्र

प्रति,
पर्यावरणप्रेमी युवा नेते तथा भावी नगरसेवक,
यवतमाळ.

भाऊ,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. ते चौकात लागलेलंच आहे, आणि तुमच्यासारखे भाऊ जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड, पांढरकवडा, कुठेही 5 जूनला एसटीतून उतरावं आणि वर बघावं. तुमच्यापैकी कुणी ना कुणी हात जोडून उभा दिसतोच.

यंदाच्या तुमच्या फ्लेक्सबद्दल लिहितो आहे. डाव्या हाताला एक समुद्री कासव, त्याच्या गळ्यात प्लास्टिकचा फास. वर निळ्या अक्षरांत 'प्लास्टिक हटवा, समुद्र वाचवा'. मधोमध तुम्ही, कासवाच्या तिप्पट. तुमच्या डोक्यावर तुमचे नेते, त्यांच्या डोक्यावर त्यांचे नेते, आणि तळाला शुभेच्छुक मित्रमंडळाचे पासपोर्ट आकाराचे चेहरे. कोपऱ्यात हाती खराटा घेतलेले गाडगेबाबा, इतके लहान की ओळखायला जवळ जावं लागतं. हे सगळं पीव्हीसीवर छापलेलं, म्हणजे प्लास्टिकवर. समुद्र वाचवायचा संदेश देण्यासाठी तुम्ही जी वस्तू निवडली, तीच त्या कासवाच्या गळ्यात आहे, हे तुमच्या, तुमच्या मित्रमंडळाच्या आणि छापणाऱ्याच्या, कुणाच्याच डोळ्यांना खुपलं नाही. मी चित्रकला शिकवतो. पोरांना पहिल्या तासाला सांगतो की चित्र कशावर काढलंय तेही चित्राचाच भाग असतं. हा धडा तुमच्यासाठी पुन्हा घ्यावा लागतो आहे.

फ्लेक्स कशाचा असतो ते एकदा हातात घेऊन बघा. कड उसवलेला जुना तुकडा घ्या, म्हणजे आतलं दिसेल. मध्ये पॉलिएस्टरच्या धाग्यांची जाळी. तिच्या दोन्ही अंगांना पीव्हीसीचा थर. तो लवचीक राहावा म्हणून मिसळलेली रसायनं, आणि वरून शाई. हे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सुटे करून पुन्हा वापरात आणणं कुणाला परवडत नाही. भंगारवाला पत्रा घेतो, रद्दी घेतो, दुधाच्या पिशव्या घेतो. फ्लेक्स बघून पुढे जातो. जाळला तर हायड्रोजन क्लोराइडचा डोळे झोंबवणारा धूर निघतो, आणि उघड्यावर अर्धवट जळताना डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. पुरला तर तो जमिनीत तसाच राहतो. म्हणजे तुमच्या वाढदिवसाचा, निवडीचा, सणाच्या शुभेच्छांचा एकूण एक फ्लेक्स आजही या जिल्ह्यात कुठे ना कुठे, कुठल्या ना कुठल्या रूपात शिल्लक आहे.

तुम्ही म्हणाल, आमचा माल कायद्यात बसतो. बसत असेलही. 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे आणि तुमचा फ्लेक्स त्याहून जाड आहे. पण जाड प्लास्टिक पातळ प्लास्टिकपेक्षा जास्त टिकतं, हे सांगायला कायदेपंडित लागत नाही. शिवाय चौकात परवानगीशिवाय असा फलक टांगणं हा महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, 1995 खाली गुन्हा आहे, आणि बेकायदा फलकांवरून मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातल्या पालिकांचे कान उपटले आहेत. तुमच्या फ्लेक्सवर परवानगीचा क्रमांक मी शोधला. मित्रमंडळाचे सगळे चेहरे सापडले, क्रमांक सापडला नाही.

आता त्या फ्लेक्सचं पुढे काय होतं ते सांगतो, कारण तुम्ही फोटो काढून गेलात की तुमचा आणि त्याचा संबंध संपतो. 5 जून ही तारीख विदर्भात मोठ्या नेमक्या वेळी येते. मृग तोंडावर असतो आणि त्याआधीच्या वावधानाच्या संध्याकाळी बांबूची फ्रेम हलवून सोडतात. फ्लेक्स आधी रिंगांपाशी फाटतो, मग एका दोरीवर लोंबकळतो, मग नालीत. नाली तुंबते, पाणी रस्त्यावर येतं, आणि नगरपरिषदेचा सफाई कामगार गुडघाभर घाणीत उतरून तुमचा हसरा चेहरा ओढून काढतो. जे फ्लेक्स वाचतात ते गावोगाव जातात. कोठ्याच्या छपरावर, कुटाराच्या ढिगावर, सोयाबीनच्या गंजीवर, पावसात सापडलेल्या कापसाच्या बंडीवर. शेतकऱ्याला त्यात दोष नाही. त्याला ताडपत्री परवडत नाही आणि तुमचा फ्लेक्स फुकट मिळतो. पण यवतमाळचं ऊन तुम्हाला माहीत आहे. दोन उन्हाळे खाल्ले की त्या फ्लेक्सवर बोट घासून बघा: पांढरी भुकटी हाताला लागते, कडा पापुद्र्यासारख्या मोडतात आणि आतली पॉलिएस्टरची तुसं उघडी पडतात. पहिला जोराचा पाऊस ते सगळं धुऊन शेतात, शेतातून ओढ्यात नेतो.

आणि ओढा कुठे जातो? इथे भूगोलाचं पुस्तक उघडावं लागेल, कारण यवतमाळहून समुद्र लांब आहे हा तुमचा सगळ्यात मोठा बचाव आहे. शहरालगतची वाघाडी घाटंजीवरून खाली पैनगंगेला मिळते. जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाचं पाणी बेंबळेतून वर्धेत उतरतं. वणी तालुक्यातल्या जुगादपाशी, पलीकडच्या वढ्याला, पैनगंगा आणि वर्धा एक होतात. पुढे वर्धेला वैनगंगा भेटते आणि दोघींची प्राणहिता होते. सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीत शिरते. गोदावरी भद्राचलम, राजमहेंद्री करत आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराला मिळते. अरबी समुद्र आपल्याला नकाशात जवळ वाटतो, मुंबई-गोव्याला जाऊन आपण तोच बघून येतो. पण यवतमाळचा समुद्र पूर्वेला आहे. तुमच्या चौकातली नाली त्या समुद्राचंच शेवटचं टोक आहे.

सगळं प्लास्टिक तिथवर पोचतं असं मी म्हणणार नाही. पीव्हीसी पाण्याहून जड असतं. तुमच्या फ्लेक्सचे तुकडे बहुतेक तळाशी बसतात: नाल्याच्या गाळात, धरणाच्या पोटात, नदीच्या डोहात. पूर आला की थोडे पुढे सरकतात. तरंगत दूर जातं ते तुमच्या कार्यक्रमातलं बाकीचं सामान. त्याच 5 जूनला तुम्ही वृक्षारोपण केलंत. रोपं काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत आली. पाहुण्यांच्या हाराला चकचकीत पन्नी होती. पाणी छोट्या बाटल्यांतून वाटलं, नाश्ता थर्माकोलच्या प्लेटमध्ये दिला. महाराष्ट्रात या प्लेटवर 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेपासून बंदी आहे. कार्यक्रम उरकल्यावर पोरांनी मैदानात बघितलं तर रोपं मोजकी आणि प्लेटांचा खच. बाटलीचं झाकण, थर्माकोलचा गोळा, पातळ पन्नी, ही पाण्यावर तरंगणारी मंडळी. पुरात ती धरणाच्या सांडव्यावरूनही उडी मारतात.

जगात 2010 या एका वर्षात 48 लाख ते 1 कोटी 27 लाख टन प्लास्टिक किनाऱ्यालगतच्या जमिनीवरून समुद्रात गेलं, असा अंदाज शास्त्रज्ञांनी 2015 साली मांडला. पण समुद्रातलं सगळंच प्लास्टिक समुद्रकाठच्या लोकांनी टाकलं अशी आपली समजूत असते. नद्या ही समजूत खोटी पाडतात. गोदावरीच्या मुखाशी, आंध्रच्या वाळूवर, हिवाळा सरता सरता ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला वर येतात. तुमच्या फ्लेक्सवरचं कासव इंटरनेटवरून उचललेलं, कुठल्या परदेशातल्या समुद्रातलं. आपल्या नदीच्या तोंडाशी आपलं स्वतःचं कासव आहे आणि त्याच्याकडे आपल्याच नालीतून जाणारी वाट आहे. हे चित्र तुम्ही काढलं असतं तर मी स्वतः शिडी धरून उभा राहिलो असतो.

कारण चित्राने माणसं हलतात, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणून तर एवढा राग आला आहे.

ख्रिस जॉर्डन नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराने 2009 साली पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटावर मेलेल्या अल्बाट्रॉस पिल्लांचे फोटो काढले. सगळ्यात जवळचा खंडही तिथून दोन हजार मैलांहून दूर आहे. पिल्लाची पिसं आणि हाडं जमिनीत विरत चाललेली, आणि पोटाच्या जागी बाटल्यांची झाकणं, लायटर, रंगीत तुकडे, जसेच्या तसे. आईबापांनी समुद्रावरून चारा समजून आणून भरवलेले. जॉर्डनने फोटोसाठी त्यातला एकही तुकडा जागचा हलवला नाही. तो फोटो बघितलेला माणूस झाकणाकडे पुन्हा पूर्वीच्या नजरेने बघत नाही. त्या फोटोत जॉर्डन स्वतः कुठेही नाही, हे मुद्दाम सांगतो.

बेल्जियममधल्या ब्रुज शहरात 2018 साली कालव्याच्या पाण्यातून उसळी घेणारा चार मजली उंच देवमासा उभा राहिला. समुद्रातून आणि किनाऱ्यांवरून गोळा केलेल्या सुमारे 5 टन प्लास्टिकचा. बादल्या, खुर्च्या, कचऱ्याचे डबे यांचंच कातडं. ते बनवणाऱ्यांनी नवं प्लास्टिक विकत घेऊन रंगवलं नाही. जे समुद्रात होतं तेच बाहेर काढून लोकांच्या डोळ्यांपुढे उभं केलं.

आणि परदेशात कशाला जायचं? आपल्याच बंगालच्या उपसागराच्या काठी, ओडिशात पुरीला, सुदर्शन पटनाईक वाळूतून समुद्री जिवांची शिल्पं करतात आणि प्लास्टिकबद्दल बोलतात. समुद्राच्या बाजूने बोलायचं तर साधन असं हवं: काम झालं की वाळूची पुन्हा वाळू. मागे उचलायला काही उरत नाही.

आता आपल्या घरचं सांगतो. तुमच्या फ्लेक्सने आणखी एकाला गाडलंय, तो म्हणजे पेंटर. या शहरात प्रत्येक चौकात एक पेंटर होता. त्याचं काम मी लहानपणी तासन् तास बघितलंय. आधी भिंतीला चुना. मग दोन टोकांना दोघे, मध्ये गेरूत घोळलेली दोरी ताणलेली. पेंटर मधोमध चिमटीत धरून दोरी ओढायचा आणि सोडायचा. टप्प असा आवाज, आणि भिंतीवर लाल सरळ रेघ. त्या रेघेवर तो ब्रशने शिरोरेघा ओढत जायचा, मग त्यांना अक्षरं लोंबायची. मनगट भिंतीला टेकू नये म्हणून दुसऱ्या हातात काठी धरायचा. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्याचं नाव आणि पुढे 'आर्ट्स'. ती भिंत दहा वर्षं बोलायची आणि मग पुढच्या चुन्याखाली गपगुमान झाकली जायची. नाली तुंबवायची नाही, पैनगंगेत जायची नाही. 1960 च्या दशकातला कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण आठवा. न वाचता येणाऱ्यालाही कळेल असं ते चिन्ह पेंटरांनी गावोगावच्या भिंतींवर काढलं. आजही जुन्या ग्रामपंचायतीच्या एखाद्या भिंतीवर चुन्याखालून तो डोकावतो. जनजागृती करणारं डिझाइन म्हणतात ते हे.

आणि गाडगेबाबा. भाऊ, त्यांना तुम्ही फ्लेक्सवर कोपऱ्यात बसवलंत, त्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं. बाबा आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, जन्म 1876 चा. गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचे. त्यांच्या वस्तू किती? एक खराटा, एक गाडगं आणि अंगावर चिंध्यांची गोधडी. माध्यम कसं असावं हे या विदर्भाला त्यांनी करून दाखवलं: जे सांगायचं ते आधी हातांनी करायचं, आणि सांगून झाल्यावर मागे कचरा ठेवायचा नाही. त्यांचं चित्र पीव्हीसीवर छापून, ते नालीत पडू देऊन, पुन्हा खाली 'विनम्र अभिवादन' लिहिण्याचं धाडस तुमच्याकडे आहे. बाबा असते तर त्यांनी तुम्हाला एकच प्रश्न विचारला असता आणि उत्तर तुमच्याच तोंडून काढून घेतलं असतं.

तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे: मग काय करायचं, पर्यावरण दिन साजराच करायचा नाही? साजरा करा. कसा, ते सांगतो.

पहिली गोष्ट, फ्लेक्स बंद. केरळने ऑगस्ट 2019 मध्ये पीव्हीसी फ्लेक्सवर बंदी घातली आणि फलक कापडासारख्या पर्यावरणपूरक साहित्यावर छापायला सांगितले. ज्या राज्यात नारळ पिकतो त्यांना कापूस आठवला, आणि ज्या जिल्ह्याची ओळखच कापूस आहे तिथे आपण प्लास्टिकवर हात जोडून उभे आहोत. फलक लावायचाच असेल तर सुती कापडावर लावा. उतरवल्यावर त्याच्या पिशव्या शिवा आणि बाजारात वाटा. बाया भाजी आणतील त्यातून, आणि तुमचं नाव घरोघरी जाईल.

दुसरी गोष्ट, पेंटरला बोलवा. अजून आहेत ते. कुणी रिक्षा चालवतो, कुणी घरांना रंग देतो, पण दोरी आणि ब्रश कुणी टाकून दिलेला नाही. त्यांना नगरपरिषद परवानगी देईल अशी भिंत द्या आणि तिच्यावर वाघाडीपासून बंगालच्या उपसागरापर्यंतची नदी काढायला सांगा. प्रत्येक वळणावर गावाचं नाव: घाटंजी, जुगाद, सिरोंचा, भद्राचलम, राजमहेंद्री. शेवटी रिडलेची मादी, वाळूवर अंडी घालणारी. फ्लेक्सच्या खर्चाचा हिशेब तुमच्याकडे आहे. तेवढ्यात ही भिंत होते आणि दहा वर्षं टिकते.

तिसरी गोष्ट सगळ्यात सोपी. कॅनडात 1991 पासून शाळेची मुलं पावसाळी गटारांच्या तोंडापाशी पिवळा मासा रंगवतात. त्याचा अर्थ एवढाच की इथे जे पडेल ते थेट माशांपर्यंत जाईल. अमेरिकेतल्या अनेक शहरांत गटाराच्या झाकणाजवळ 'हे पाणी समुद्राला जातं' असं लिहिलेलं असतं. पुठ्ठ्याचा स्टेन्सिल, थोडा रंग, आणि खाली बघायला लावणारं चित्र. आपल्याकडे ही सगळी जागृती डोक्याच्या वर टांगलेली असते आणि कचरा पायाखाली पडतो. माणूस खर्रा घोटून झाल्यावर पन्नी टाकतो ती खाली बघूनच. नेमकं तिथे चित्र हवं. पानठेल्यासमोरच्या नालीच्या तोंडावर कासव हवं, आणि खाली तीन शब्द: 'इथून बंगालचा उपसागर.'

आमच्या वर्गातल्या पोरांना मी समुद्र काढायला सांगतो तेव्हा ती निळ्या लाटा काढतात, नारळाचं झाड आणि होडी. कॅलेंडरवरचं कोकण. त्यांनी समुद्र बघितलेला नाही आणि यवतमाळमध्ये राहून तो आपला नाही असं त्यांना वाटतं. यंदा त्यांना नाली काढायला सांगितली. नालीत काय दिसतं ते काढा आणि ते कुठे जाईल तेही काढा. एका मुलीने कागदाच्या एका टोकाला चौक काढला, दुसऱ्या टोकाला कासव, आणि मध्ये वळणं घेत जाणारी नदी. नदीत पन्न्या, प्लेटा, बाटल्या, आणि एक फाटका फ्लेक्स. त्यावर हात जोडलेला माणूस. नाक-डोळे काढलेले नाहीत, पण गळ्यातला भगवा-पांढरा-हिरवा गमछा आणि मनगटावरचं घड्याळ नीट काढलंय. हा कोण, असं मी विचारलं नाही. ते चित्र वर्गात लावलंय. तुम्हाला बघायचं असेल तर शाळेत या. सत्कार होणार नाही, हारही मिळणार नाही.

नालीच्या तोंडांवर कासव काढायची परवानगी आम्ही नगरपरिषदेकडे लेखी मागतो आहोत. अर्ज हाताने लिहिला आहे आणि सोबत पोरांनी केलेल्या स्टेन्सिलचा नमुना जोडला आहे. त्या अर्जावर पाठिंबा म्हणून सही हवी आहे. तुमची चालेल. सही केलीत तर पुढच्या 5 जूनला पहिलं कासव तुमच्या चौकात काढू, आणि ब्रश तुमच्या हातात देऊ. नाही केलीत तरी तिथेच काढू, कारण तुमच्या फ्लेक्सने तुंबलेली नाली तीच आहे.

उत्तर जरूर कळवा. पोस्टकार्ड चालेल, वहीचा फाटका कागद चालेल. फ्लेक्सवर मात्र कळवू नका.

आपला,
एक चित्रकला शिक्षक,
यवतमाळ